नॉर्मल नंबर एक

माझी आई एकोणीस वर्षं नॉर्मल होती. चेष्टा नाही, तसं लेबलच होतं. ती ज्या लॅबमध्ये कामाला आहे तिथल्या फ्रीजरमध्ये, वरून दुसऱ्या कप्प्यात, तिच्या रक्ताच्या बारीक नळ्यांचा एक डबा असायचा आणि त्यावर तिच्याच गोलगोल अक्षरात लिहिलेलं असायचं: नॉर्मल नं. १. मी आणि बाबा तिच्यासोबत एका घरात राहिलेलो. ते लेबल पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाबांना ठसका लागला होता.

लॅब म्हणजे मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या. लिफ्ट पहिल्या मजल्यापर्यंतच धड चालते, पुढे जिना. ज्यांच्या आजाराला डॉक्टरांना नाव देता येत नाही त्यांचं रक्त इथे येतं. एक यंत्र त्या रक्तातली जनुकं अक्षर न् अक्षर वाचतं. मग आतल्या खोलीतला संगणकवाला (चष्म्याची काडी कायम चिकटपट्टीने बांधलेली, माझं चष्म्याचं दुकान पाच मिनिटांवर असूनही) सगळ्या याद्यांशी ताडून सांगतो, की इथे इथे अक्षर बदललंय. आता बदललं तर बदललं, पण त्याने काही बिघडतं का? असे बदल तुमच्या-माझ्यात हजारोंनी असतात आणि बहुतेक बिचारे कुणाच्या अध्यात ना मध्यात. कुठला बदल उपद्रवी आणि कुठला नाही, हे पाहण्याचं काम आईचं.

ते ती कसं पाहते, हे मला लहानपणापासून जेवताना ऐकावं लागलंय, तर तुम्हीही ऐका. जनुकात लिहिलेलं असतं तसं शरीरात प्रथिन बनतं. आई रुग्णाच्या रक्तातून ते प्रथिन काढते, जेलच्या पातळ पट्टीत घालते आणि वीज सोडते. छोटी प्रथिनं भराभर पुढे सटकतात, मोठी मागे रेंगाळतात. नंतर रंग दिला की हवं ते प्रथिन बारीक रेघ होऊन दिसतं. रेघ जागेवर असेल तर ठीक, पुढेमागे असेल तर गडबड. पण जागेवर म्हणजे कुठे? त्यासाठी प्रत्येक जेलमध्ये रुग्णाच्या शेजारी एका धडधाकट माणसाचा नमुना लावायचा असतो. तो धडधाकट माणूस म्हणजे आमच्या मातोश्री.

लॅब नवीन होती तेव्हा तेव्हाचे सर म्हणाले होते, "कुणीतरी ठणठणीत माणूस रक्त द्या रे." बाकीचे एकमेकांकडे बघत बसले आणि आईने बाही वर केली. सुई टोचताना ती लॅबमधल्या शेजारणीशी पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत होती म्हणे. नियमाप्रमाणे नळीवर नाव लिहायचं नाही, नंबर लिहायचा. पुढे ते सर निवृत्त झाले, शेजारीण दुसरीकडे गेली, आणि नंबर एक म्हणजे कोण हे लॅबमध्ये आईशिवाय कुणालाच ठाऊक राहिलं नाही. दर सहा महिन्यांनी ती स्वतःचं रक्त काढून डबा भरत राहिली.

लॅबमध्ये तिला सांडशीताई म्हणतात. कारण लॅबमधली सांडशी खिळ्याला टांगलेली ती टांगलेलीच. उकळत्या पाण्यातून काचेची भांडी ती सरळ हाताने काढते. घरीही तेच. चुलीवरचं पातेलं हाताने उतरवणार, बटाटे उकडल्या उकडल्या सोलणार, आणि आपण हात मागे घेतला की म्हणणार, "काय गं नाजूकपणा! सवयीने होतं सगळं." मी जन्मले तेव्हा तिने नर्सला विचारलं होतं, "झालं का?" ही गोष्ट आमच्या नातेवाइकांत इतक्या वेळा सांगितली गेलीय की आत्याने तर ती स्वतः तिथे हजर असल्यासारखी पाठ केलीय. आईला या सगळ्याचा अभिमान होता आणि तो ती लपवत नसे. सोशिक म्हणजे काय, तर ती.

पण सोशिक आईच्या पोटी रडकी मुलगी आली ना, तर त्या मुलीचं काही खरं नसतं. दात दुखतोय म्हटलं तर "दुसऱ्या बाजूने चाव." गुडघा फुटला तर "वाळेल." मलमपट्टीचा डबा बाबांच्या ताब्यात असे, कारण आईला तो कशाला लागतो तेच कळत नसे. आठ वर्षांची असताना मी सायकलवरून पडले आणि माझं उजवं मनगट सुजलं. बाबा नेमके परगावी. आईने मनगट धरून दोन्हीकडे फिरवलं (मी किंचाळले, ते शेजाऱ्यांना अजून आठवतं) आणि निकाल दिला, "हलतंय ना? मग काही नाही." दोन दिवस मी त्या हाताने शाळेत जाऊन शुद्धलेखन लिहिलं. तिसऱ्या दिवशी बाबा आले, मला उचलून डॉक्टरकडे घेऊन गेले, आणि हाड मोडलेलं निघालं. ते मनगट आजही जरा तिरकं आहे. चष्म्याचे बारीक स्क्रू पिळताना थंडीत ठणकतं. गेली तीस वर्षं कुठल्याही भांडणात मी हे मनगट काढते आणि आई दर वेळी म्हणते, "अगं, पण तू किती ओरडत होतीस, मला वाटलं नाटक."

तर ही अशी बाई. आणि तिच्या टेबलावर त्या मुलीचं रक्त आलं.

मुलीचं नाव आईने मला आजतागायत सांगितलेलं नाही. विचारलं की नळ सोडते आणि भांडी घासू लागते. पाच वर्षांची पोर. दोन बोटं मोडून चुकीची जुळलेली, तळहातांवर भाजल्याचे डाग, जीभ चावून चावून फाटलेली. इस्पितळात एवढ्या जुन्या जखमा पाहिल्यावर डॉक्टरांना जे वाटायचं तेच वाटलं, की आईबाप छळतात. मुलीला बालगृहात ठेवलं. आईबापांना आठवड्यातून दोनदा तासभर भेट, तीही एक बाई समोर वही घेऊन बसलेली असताना. आईबाप सांगत होते की तिला दुखतच नाही, लागलेलं आम्हाला उशिरा कळतं. असं सगळेच म्हणतात, म्हणून कुणी ऐकलं नाही. फक्त एका डॉक्टरीणबाईंना शंका आली आणि त्यांनी रक्त लॅबला पाठवलं. सोमवारी बालकल्याण समितीची बैठक होती. जनुकात दोष निघाला तर मुलगी घरी, नाही तर तिला कायमची दुसऱ्या कुणाकडे सोपवायचा विचार होता.

संगणकवाल्याला एक बदल सापडला. ते जनुकच मुळी नवं, त्याच्याकडे लोकांचं लक्ष जाऊन तीन वर्षं झालेली, आणि हा बदल तर जगातल्या कुठल्याच यादीत नाही. नसांना जाग आणणारं काहीतरी ते बनवतं एवढाच अंदाज. नशिबाने ते प्रथिन रक्तातल्या पेशींतही थोडं सापडतं. संगणकवाला म्हणाला, "ताई, या बदलामुळे प्रथिन आखूड व्हायला हवं. माझा अंदाज. बघा तुम्ही."

आईने जेल लावली. डावीकडे मुलगी, उजवीकडे नॉर्मल नं. १. मुलीच्या रांगेत दोन रेघा आल्या, एक वर, एक जरा खाली. नॉर्मलच्या रांगेतही दोनच रेघा, तितक्याच वर आणि तितक्याच खाली. आईने पट्टी ठेवून मोजलं, पुन्हा जेल लावली, पुन्हा तेच.

आताचे सर म्हणाले, "म्हणजे या प्रथिनाची दोन रूपं असतात तर. सगळ्यांतच असतील." त्यांचंही काही चुकलं नाही. ते प्रथिन आधी कुणी पाहिलंच नव्हतं, मग ते कसं दिसतं हे विचारणार कुणाला? नॉर्मलला. आणि नॉर्मलने दोन रेघा दाखवल्या होत्या. सरांनी अहवालाचा कच्चा खर्डा केला: रुग्णाचे प्रथिन निरोगी व्यक्तीसारखेच आहे. शुक्रवारी सही करून पाठवायचा होता.

गुरुवारी सकाळी त्या मुलीचे आईबाप जिना चढून वर आले. बाप बेकरीत भट्टीवर काम करणारा, पिठाने पांढऱ्या झालेल्या चपला. मुलीच्या आईच्या हातात पोरीचा स्वेटर, भेटीच्या दिवशी द्यायचा म्हणून सोबत घेतलेला. त्यांचं म्हणणं एवढंच, की आमचंही रक्त घ्या, आमच्यातही बघा. सर म्हणाले की अहवाल जवळजवळ झालाय. त्यावर तो बाप नुसता उभा राहिला. मग सरच म्हणाले, "ताई, घ्या रक्त. ठेवून देऊ."

आईचं रक्त काढणं हा लॅबमध्ये चेष्टेचा विषय आहे. सुई अशी खुपसते की संगणकवाला आधी प्रार्थना करतो. मुलीच्या आईने डोळे घट्ट मिटले आणि 'स्स' केलं. बाप मात्र खिडकीबाहेर कबुतर बघत होता. सुई आत गेली, बाहेर आली, त्याने विचारलं, "घेताय ना?"

"झालं की," आई म्हणाली. तिला तो माणूस तिथेच आवडला असणार.

मग तिने चहा केला. लॅबमधल्या धड कपांपैकी एक सरांच्या टेबलावर, बाकीचे धुवायचे. उरले तीन. त्यातला एक कानवाला, तो तिने मुलीच्या आईला दिला. दुसरे दोन कान तुटलेले. त्यांतून फक्त आई चहा पिते, कारण बाकी कुणाला ते धरवत नाहीत. एक तिने स्वतः घेतला आणि दुसरा, माफ करा हं म्हणत, बापापुढे ठेवला. कप धरायला रुमाल आणावा म्हणून ती वळली.

परत वळली तर त्या माणसाने तो उकळता कप मुठीत धरला होता आणि शांतपणे चहा पीत होता.

शेजारी त्याची बायको कानाला धरूनही फुंकर मारत होती. आईने त्याच्या मुठीकडे पाहिलं, आणि मग स्वतःच्या. तिचीही तशीच होती.

"तुम्हाला चटका नाही बसत?" तिने विचारलं.

"सवय आहे," तो म्हणाला. "भट्टीवर सवयीने होतं सगळं."

हे वाक्य आमच्या घरात रोज म्हटलं जातं, शब्दही तेच. आई म्हणते, तेव्हा तिला नॉर्मलच्या रांगेतल्या दोन रेघा आठवल्या.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून भांडी घासू लागली, गरम नळाखाली, वाफ निघत होती तरी. मी म्हटलं, "थंड नळ सोड, भाजेल." नेहमी यावर मला टोमणा मिळतो. त्या दिवशी ती थांबली आणि म्हणाली, "भाजेल म्हणजे नक्की कसं होतं गं?"

मी हसले. ती हसली नाही. मग तिने सगळं सांगितलं: दोन रेघा, कप, बेकरीवाला. आणि नॉर्मल नं. १ म्हणजे ती, हे लॅबमध्ये कुणालाच ठाऊक नाही, हेही.

"मग सांगून टाक सरांना," मी म्हटलं.

"सांगणारच आहे. त्या पोरीचा प्रश्न आहे, सांगणार नाही तर काय करेन?" ती फटकन म्हणाली. मग बराच वेळ तिने एकच ताटली घासली. "पण मला आयुष्यभर लोक सोशिक म्हणाले. तुझी आजी म्हणायची, पोलादाची आहे. मला ते फार आवडायचं. आणि निघालं काय, तर एक अक्षर चुकलंय. दुखतच नसेल तर मी सोसलं काय?"

मी थंड नळ सोडला.

शुक्रवारी सकाळी ती सरांच्या टेबलापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "सर, नॉर्मल नंबर एक मी आहे. आणि मला वाटतं मी नॉर्मल नाही." सर तिच्याकडे, मग खिळ्यावरच्या सांडशीकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघत राहिले. हुशार माणूस. खर्डा त्यांनी स्वतःच्या हाताने फाडला.

मग जी धावपळ झाली! नवे नॉर्मल हवे होते, एक नाही, चांगले डझनभर, आणि दुपारच्या आत. सरांनी बाही वर केली. संगणकवाल्याने आधी प्रार्थना केली. खालचा पहारेकरी, लिफ्ट दुरुस्तीला आलेला मिस्त्री (तो यायचाच होता, तीन वर्षांपासून), समोरच्या खोलीतल्या दोन नर्सा, सगळ्यांना आईने पकडलं. मला दुकानातून फोन करून बोलावलं. सह्या घेतल्या, नंबर दिले. मी नॉर्मल नं. नऊ.

तिने माझ्या दंडाला पट्टा बांधला, सुई हातात घेतली आणि थांबली. "दुखेल का?" तिने मला विचारलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

"हो," मी म्हटलं. "थोडंसं."

तिने सुई इतकी हळू घातली की उलट जास्तच दुखलं. मी ओरडले नाही.

शनिवारी दुपारी रंग चढला. सगळे त्या जेलभोवती वाकून उभे, मिस्त्रीसुद्धा. बारा नॉर्मल, बाराही जणांची एकच रेघ, वरची. मुलीच्या आईची एकच. मुलीच्या दोन. बेकरीवाल्याच्या दोन. आणि सगळ्यात शेवटी, जुन्या डब्यातला नमुना, त्याच्या दोन. खालची रेघ म्हणजे ते आखूड, अर्धवट प्रथिन. संगणकवाल्याने माझ्या आईचं आणि मुलीच्या बापाचं जनुक वाचायला लावलंच होतं. तिघांत तेच अक्षर, त्याच जागी. एकच बदल कुणाला थोडा बाधतो, कुणाला फार, हेही त्यानेच समजावलं. तिघांचं दूरचं काही नातं आहे का म्हणून आईने बेकरीवाल्याला बसवून दोन्हीकडचे पणजोबांपर्यंतचे लोक काढले, पण एकही जुळला नाही.

त्याच संध्याकाळी त्या डॉक्टरीणबाईंनी आई आणि बेकरीवाला दोघांच्या हातांवर तापणारी पट्टी ठेवून पाहिली. कळलं की सांगा, म्हणाल्या. बेकरीवाला गप्प बसला. आईने मात्र, परीक्षेत नापास व्हायचं नाही या हट्टाने, अंदाजाने तीनदा "आता!" म्हणून पाहिलं. तेव्हा पट्टी चालूच केली नव्हती.

सोमवारी समितीपुढे सर स्वतः गेले, अहवाल घेऊन. त्यात सगळं बेतानेच लिहिलं होतं: दिसते, वाटते, शक्यता आहे. पण एक वाक्य सरळ होतं: प्रयोगशाळेने आधी वापरलेला निरोगी नमुना निरोगी नव्हता, ही आमची चूक. दुपारी चार वाजता फोन आला. बालगृहाच्या बाईंनीच मुलीला बेकरीत नेऊन सोडलं, स्वेटर घालून.

आई आता आठवड्यातून एकदा तिकडे जाते. पोरीला स्वतःचं अंग तपासायला शिकवते. रोज झोपण्याआधी हात बघायचे, पाय बघायचे, आरशात जीभ बघायची, गरम पाणी आधी स्वतःच्या आईला बघू द्यायचं. कळत नसेल तर डोळ्यांनी बघायचं. तिच्या बापालाही तिने एक सांडशी नेऊन दिली आणि स्वतः खिळ्यावरची काढली. सत्तावन्नाव्या वर्षी शिकतेय, दर दोन दिवसांनी काहीतरी पाडते.

फ्रीजरमधल्या त्या डब्यावरचं लेबल तिने स्वतः खरवडलं. डबा फेकला नाही. आता तो खालच्या कप्प्यात आहे, त्या पोरीच्या आणि तिच्या बापाच्या नळ्यांशेजारी.

परवा ती बेकरीतून थेट माझ्या दुकानात आली. मी एका आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होते. ती काउंटरपलीकडे स्टुलावर बसून राहिली. आजोबा गेले तशी तिने माझं उजवं मनगट धरलं. फिरवलं नाही, नुसतं धरलं.

"तुझी एकच रेघ आली होती," ती म्हणाली. "नंबर नऊ. मी त्या दिवशीच बघितलं, पण सगळ्यांसमोर काय बोलणार."

"मग? चांगलंच आहे ना?"

"म्हणजे तुला दुखत होतं गं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. बाबा गेले ती वेळ सोडली तर मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. "नाटक नव्हतं ते. खरंच दुखत होतं."

तीस वर्षं मी या क्षणासाठी टोमणे तयार ठेवले होते. मी म्हटलं, "जाऊ दे गं आई."

"जाऊ दे नाही," ती म्हणाली, आणि स्टूल पुढे ओढून बसली. "किती दुखलं होतं ते सांग मला. नीट सांग. मला आपोआप कळत नाही."

मग मी दुकानाच्या दारावरची पाटी 'बंद' करून ठेवली आणि तिला दोन्ही दिवसांचं सगळं सांगितलं.